सीना-भीमेच्या काठानं बालाघाटापर्यंत

सोलापूर जिल्हा सपाट आहे, असं सांगणारा माणूस बहुतेक एसटीनं नाहीतर कारनं आलेला असतो. इथला उंचसखलपणा इंजिनाला कळत नाही, पायांना कळतो. विजापूर नाक्यातून बाहेर पडा, तुळजापूर नाक्यातून पडा, की मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागा. लांबलचक उतार, खाली ओढा नाहीतर नदी, आणि पलीकडे तेवढाच लांब चढ, हे सारखं चालू असतं. उतारावर जमीन काळी आणि खोल होत जाते, पाणी जवळ आलं की ऊस दिसतो. चढाला लागलं की मुरूम उघडा पडतो, ज्वारी खुरटते आणि माथ्यावर पोचेपर्यंत कुसळी गवत आणि मेंढरं तेवढी उरतात. सायकलवर हे सगळं ओळीनं पायाखालून जातं. त्याच हिशेबानं हा फेरा आखला होता: आधी सीना आणि भीमा जिथं भेटतात तो संगम, मग भीमेच्या काठानं वर पंढरपूर, आणि शेवटी बालाघाटाच्या टेकड्या.

भीमा भीमाशंकरला उगवते आणि साडेआठशे किलोमीटर वाहून कर्नाटकात रायचूरकडे कृष्णेला मिळते. समुद्र तिला थेट भेटतच नाही. त्रिभुज प्रदेश तयार होतो तो कृष्णेचा, पार आंध्राच्या किनाऱ्यावर. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेत ते संगम: नरसिंगपुराजवळ नीरेचा, सरकोलीला माणचा आणि कुडलला सीनेचा.

बरोबर दाजी होते, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस, पन्नाशी ओलांडल्यावर सायकलला लागला आणि आता माझ्यापेक्षा नेमानं चालवतो. त्यांची हायब्रिड, माझी रोड बाइक, पण टायर मुद्दाम ३२ मिलिमीटरचे. हायवेला २५ चे चालतात. गावाकडच्या रस्त्यांवर आणि बंधाऱ्यांवरच्या खडीवर चालत नाहीत. संक्रांत झाली, सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची पहिली गर्दी ओसरली आणि आम्ही निघालो.

बुधवार : सोलापूर, वडकबाळ, टाकळी, कुडल, मंद्रूप

सकाळी सहाला अंधारच होता. जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि त्याआधीचा तास बोटं गारठवणारा असतो. हातमोजे घ्या, उन्हाळ्याचं सोलापूर डोक्यात ठेवून निघू नका. सोरेगाव मागं पडलं की शहर संपतं. पुढं वडकबाळला सीना लागते. पुलावर धुकं होतं, खाली पाण्याची पातळ पट्टी आणि दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी. सीना नगरकडून येते, सगळी वाट अवर्षणाच्या मुलखातून, त्यामुळं तिचं पात्र रुंद आणि पाणी बेताचं. पावसाळ्यात मात्र ती अंगावर येते, वडकबाळच्या लोकांना ते चांगलं ठाऊक आहे.

मंद्रूप, तेरामैल करत टाकळीपर्यंत रस्ता मोठा आहे. साईडपट्टी रुंद, डांबर गुळगुळीत, पण विजापूरकडं जाणारी अवजड वाहनं खूप. पांढऱ्या रेघेच्या डावीकडं राहिलं तर त्रास नाही. मला हा टप्पा रस्त्यासाठी आवडत नाही, तो पार करावा लागतो म्हणून करायचा.

टाकळीजवळ भीमा आली. सोलापूरकर नळाला येणारं पाणी पितो त्यातलं बरंच इथलं. औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत पाणी अडवतात आणि टाकळीहून उपसून शहराकडं चढवतात. बंधाऱ्यात पाणी येतं ते उजनीतून, नदीच्या पात्रातून, वाटेतल्या सगळ्या गावांना स्पर्शून. नदी इथं ऋतूवर वाहत नाही, आवर्तनावर, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या पाळीवर वाहते. काठावर मोटार बघायला आलेल्या एका शेतकऱ्याला दाजींनी विचारलं, "काका, पाणी सुटलंय का वरनं?"

"सुटलंय म्हणलेत की ओ," ते म्हणाले. "पण हितं यायला आठ-दहा दिस लागत्यात. मधली समदी तहानलेलीच हायत."

उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. उन्हाळ्यात पाणी त्या पातळीच्याही खाली गेलं की धरण 'मायनस'मध्ये जातं आणि ते आकडे सोलापुरात क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारले जातात. पुलावर सायकल टेकवून खाली बघितलं की त्या आकड्यांचा अर्थ लागतो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी काठोकाठ, खालच्या अंगाला खडक उघडे.

मोठा रस्ता सोडून डावीकडं कुडलची वाट धरली आणि खरी सायकल सुरू झाली. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना ज्वारी, मधे मधे तूर काढून झालेली मोकळी रानं. वाहन असं जवळजवळ नाहीच. गावांच्या पाट्या मराठीत, पण पारावरची बोलणी कन्नडमध्ये, आणि आम्ही थांबलो की तीच माणसं सहज मराठीत. दक्षिण सोलापूरची ही सवय मला फार मोलाची वाटते. दोन भाषा एका ओट्यावर बसतात आणि कुणालाही त्यात काही विशेष वाटत नाही.

हत्तरसंग-कुडलला सीना डावीकडून येऊन भीमेत शिरते आणि समोरचा काठ कर्नाटकाचा. काठावर संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे. त्याच्या तुळईवर मराठीतला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. आमच्या पिढीला शाळेत मराठीतला पहिला शिलालेख म्हणून श्रवणबेळगोळचं नाव पाठ करायला लावलं होतं. कुडलचा हा लेख सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. जिल्ह्यातली गावंच्या गावं पालथी घालून, दगडांवरची माती पुसून वाचत फिरलेला हा माणूस. लेखाच्या शेवटी म्हटलंय की जो हे वाचील तो विजयी होईल. अंधारात मान वर करून, मोबाईलच्या उजेडात आम्ही ती अक्षरं शोधली. उजेड समोरून टाकला तर काहीच दिसत नाही. बाजूनं, दगडाला घासून जाईल असा टाकला की सावल्या पडतात आणि अक्षरं वर येतात. जाणारा असाल तर चांगली बॅटरी न्या.

शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात उत्खननात सापडलेलं बहुमुखी शिवलिंग आहे. त्यावर ३५९ मुखं कोरलेली, आणि लिंग स्वतः धरून ३६० मोजतात. लांबून तो खडबडीत दगड वाटतो. हातभर अंतरावर गेलं की ओळीच्या ओळी चेहरे दिसायला लागतात, एकाच्या खाली एक, आणि नजर एका चेहऱ्यावर ठरेपर्यंत शेजारचा लक्ष वेधून घेतो. दाजी तिथं बराच वेळ उकिडवे बसले होते. चादरीवर नक्षी कशी उतरते, एक चौकट किती वेळा फिरवायची, यात त्यांची नोकरी गेली. "एकदा बी चौकट परत वापरली नाही ह्यानं," एवढंच ते म्हणाले.

इतकं मोठं ठिकाण, हजार वर्षांपूर्वीची मराठी जिथं डोळ्यांनी दिसते, आणि सोलापुरात जन्म काढलेली किती माणसं इथं आलेली नाहीत! चाळीसेक किलोमीटरचं तर अंतर. शाळांच्या सहली दूरदूर जातात, त्यांनी आधी इथं यावं असं मला मनापासून वाटतं.

मुक्कामाला उलटं मंद्रूपला आलो, दाजींच्या चुलत आत्यांकडं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, त्यावर दही. दिवसभर सायकल मारून आल्यावर त्या चटणीतलं मीठ, तिखट आणि शेंगदाण्याचं तेल ज्या पद्धतीनं अंगात उतरतं, त्यापुढं दुकानातली कुठलीही पावडर नको.

गुरुवार : मंद्रूप, कामती, बेगमपूर, माचणूर, मंगळवेढा

मंद्रूपहून कामतीकडं जाणारा रस्ता सीना आणि भीमेच्या मधल्या दुआबातून जातो. या फेऱ्यातला मला सगळ्यात आवडलेला टप्पा हाच. वारा पाठीशी होता. हिवाळ्यात आपल्याकडं वारा पूर्वेकडनं असतो, सकाळी पडलेला, दहा-अकरानंतर जोर धरणारा. म्हणून पश्चिमेला जायचे टप्पे उशिरा आणि पूर्वेला जायचे पहाटे, असं आखावं.

कारखाने सुरू होते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर रस्त्याच्या मध्यापर्यंत बाहेर आलेला ऊस, आणि गाण्याचा आवाज एवढा की मागून येणारी सायकल चालकाला ऐकूच येत नाही. अशा गाडीला ओलांडताना घाई नको. पहिली ट्रॉली सरळ चालते, दुसरी शेपटी हलवते. चढावर तिचा वेग आपल्यापेक्षा कमी होतो तेव्हाच, समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावर ओलांडायचं. पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक गेलं तर घसरतं, तिकडंही लक्ष हवं.

कामतीच्या अलीकडं माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. हा काटा सरळ निघत नाही. बाहेरचा भाग मोडतो आणि टोक टायरमध्ये राहतं. ट्यूब बदलली आणि ते टोक काढलं नाही तर पाच किलोमीटरवर पुन्हा पंक्चर ठरलेलं. टायर पूर्ण उतरवायचा, उलटा करायचा, आतून बोट हळूहळू फिरवायचं. बोटाला टोचलं की जागा सापडली. दाजींनी नखं काढायच्या चिमट्यानं ते टोक ओढून काढलं, तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून लहान. या भागात फिरणाऱ्यानं पॅचपेक्षा आधी चिमटा खिशात घालावा.

पंक्चर काढत बसलो होतो त्या बांधाच्या आत हुरड्याची आगटी पेटली होती. "या की पाव्हणं, सायकल पळून जाती व्हय?" अशी हाक आली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजून, तळहातावर चोळून, फुंकर मारून दिलेला हुरडा, सोबत गूळ आणि लसणाची चटणी. शेतकऱ्यानं सांगितलं की पोटऱ्यात येताना एक पाऊस चुकला, नाहीतर कणीस अजून भरलं असतं. कोरडवाहू ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि ती परतीच्या पावसाच्या ओलीवर काढायची. काळ्या रानात ती ओल खाली खोल टिकते. माळावर दोन-तीन बोटं मातीत ती टिकत नाही, म्हणून चढावरची ज्वारी गुडघ्याशी आणि उतारावरची डोक्याच्या वर. एकाच दिवशी पेरलेली.

बेगमपुरापासून रस्ता चौपदरी. भीमेच्या अलीकडं बेगमपूर, पलीकडं माचणूर. औरंगजेबानं १६९५ ते १६९९ इथल्या ब्रह्मपुरीला छावणी टाकली होती, दिल्लीचा बादशहा चार वर्षं या भीमाकाठी बसून होता. बेगमपुरात त्याच्या घराण्यातल्या स्त्रीची कबर दाखवतात. माचणूरचा किल्ला आता ढासळलाय, बुरुजांच्या पायथ्याशी नदी आणि आत झुडपं. खाली सिद्धेश्वराचं देऊळ, आणि तिथून पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बूट काढून पाय सोडून बसलो. पाणी गार आणि हिरवट, समोर मासे धरणाऱ्यांच्या दोन काहिली, म्हणजे कढईसारख्या गोल होड्या.

मंगळवेढ्याला उन्हं उतरताना पोचलो. गावाच्या शिवारात शिरताना जमीन बदलते ती नजरेला कळते: सपाट, काळीभोर, दूरपर्यंत एकही झाड नाही आणि नुसती ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ती हीच; पांढरीशुभ्र भाकरी, दुसऱ्या दिवशीही मऊ. लॉजशेजारच्या खाणावळीत ती पिठल्याबरोबर खाल्ली. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांना उघडून दिली ती याच गावात. ते रान बघून आल्यावर कोठारांत काय असेल हे विचारावं लागत नाही.

शुक्रवार : मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ, सोलापूर

निघायच्या आधी चोखोबांच्या ठिकाणी जाऊन आलो. मंगळवेढ्याचं गावकूस बांधण्याच्या कामावर असताना ते कोसळलं आणि चोखामेळा त्याखाली गेले, ते साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारात, पायरीसमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला देवळाच्या आत पाऊल टाकता आलं नाही त्याची समाधी पायरीसमोर. त्यानंतर सहाशे वर्षांनी, १९४७ साली, साने गुरुजींना याच मंदिराचं दार दलितांना उघडावं म्हणून उपोषणाला बसावं लागलं. मंगळवेढा ते पंढरपूर हा पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता म्हणजे त्या अस्थी गेल्या ती दिशा. त्या रस्त्यावर आम्ही फारसं बोललो नाही.

मधे माण नदी लागते. साताऱ्याकडनं दुष्काळी भागातून येणारी आणि सरकोलीला भीमेत संपणारी. पुलाखाली वाळू कमी आणि खड्डे जास्त. वाळू उपसून नदीचं पात्र असं खरवडलं की पाणी जिरत नाही, वाहून जातं, आणि काठच्या विहिरी आटतात. पुलावर दोन मिनिटं थांबलं तरी हे डोळ्यांना दिसतं. सायकलवाल्याला पुलावर थांबता येतं, ही मोठी सोय आहे.

पंढरपुरात सायकली हातात धरूनच चालावं लागलं. चंद्रभागेच्या वाळवंटात उतरलो, पुंडलिकाला नमस्कार केला. इथं भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा. वळणाच्या आतल्या अंगाला वाळू साचते, बाहेरच्या अंगाला काठ खणला जातो. नदी आपलं काम करत असते. नामदेव पायरी, चोखोबांची समाधी, कळसाचं दर्शन, आणि सायकली सांभाळायला कुणी नसल्यानं रांगेत उभं न राहता बाहेर पडलो. चुरमुऱ्याचा प्रसाद मात्र घेतला, हँडलच्या पिशवीत तो फार जागा खातो.

मोहोळपर्यंतचा पालखी मार्ग आता रुंद आणि काँक्रीटचा झाला आहे. वेगाला उत्तम. मनाला कोरडा. जुन्या रस्त्याची झाडं गेली आणि नवी अजून कमरेएवढी आहेत. पेनूरच्या आसपास भीमा आणि सीना यांच्यामधला माथा येतो. तो माथा म्हणून दिसत नाही, पण चढ संपून पायांना सैल वाटलं की समजावं, आता इथून पडणारं पाणी सीनेकडं. आणि तिथंच वारा तोंडावर आला. दुपारचे साडेबारा. पूर्वेला जायचं होतं आणि ते ठरवूनही पहाटे शक्य नव्हतं, कारण पंढरपूर गाठायचं होतं. आळीपाळीनं पुढं राहिलो, प्रत्येकी दोन किलोमीटर. पुढचा वारा फोडतो, मागचा त्याच्या चाकामागं हातभर अंतरावर विसावा घेतो.

मोहोळच्या संशोधन केंद्रातच मालदांडीचा ३५-१ हा वाण निवडला गेला, जो पुढं सगळ्या रब्बी ज्वारीच्या मुलखात पसरला. कालची भाकरी इथली लेक म्हणायची. लांबोटीला सीनेचा पूल, आणि पुलाआधी चिवड्याची दुकानं. मक्याचा चिवडा आणि चहा, मग सावळेश्वर, कोंडी आणि अंधार पडताना घर. हा दिवस लांब झाला. नवख्यांनी मोहोळला मुक्काम करावा.

शनिवार : सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग

बहिणीनं धपाटे बांधून दिले आणि साडेपाचला निघालो, वारा उठायच्या आत घाट गाठायचा म्हणून.

हिप्परग्याचा तलाव, म्हणजे एकरुख, पहाटेच्या उजेडात लागला. १८७१ सालचं हे मातीचं धरण, आदिला नदीवर बांधलेलं. कडेच्या उथळ पाण्यात शेकाटे आणि चक्रवाक दिसले. पुढं उळे, तामलवाडी, माळुंब्रा. या सगळ्या वाटेवर चढ आहे, पण एवढा सौम्य की गिअर एकानं कमी करावा लागतो आणि कारण कळत नाही. सोलापूर साडेचारशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या जवळ. यातला बराच भाग असा न कळत संपतो आणि सिंदफळ गेलं की उरलेला घाटात वसूल होतो.

घाट छोटा आहे. पुण्याकडच्या घाटांची सवय असलेल्याला तो टेकडीच वाटेल, पण आमच्याकडच्या माणसाला चढ शिकायला याहून चांगली जागा नाही. पुढचं लहान चक्र, मागचं मोठं, श्वास नाकानं चालेल एवढाच जोर, आणि वळणावर आतल्या बाजूला जायचं नाही, तिथं चढ तीव्र असतो. कड्याच्या पोटात बसॉल्टचे थर आडवे दिसतात, एकावर एक, लाव्हाच्या एकेका लोंढ्याचा एकेक थर. म्हणूनच बालाघाटाचे माथे टोकदार नाहीत, पाटासारखे सपाट आहेत. चढ संपतो आणि समोर पुन्हा शेतं येतात. अनवाणी चाललेले भाविक भेटले, हातात पोत, गळ्यात कवड्यांची माळ. एका आजींनी दाजींना थांबवून पाणी मागितलं, प्याल्या आणि बाटलीसकट हातावर हळद ठेवली.

भवानीचं दर्शन होऊन गावाच्या वरच्या अंगाला आलो. मला या जागेची ओढ होती ती देवीसाठी आणि आणखी एका गोष्टीसाठी. बालाघाट हा पाणलोटाचा दुभाजक आहे. या पठाराच्या उत्तरेला पडलेला पाऊस तेरणेत, तेरणेतून मांजरेत आणि मांजरेतून गोदावरीत जातो. दक्षिणेला पडलेला बोरीत, बोरीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत. शेजारी पडलेले दोन थेंब शेकडो किलोमीटर दूर जातात आणि आंध्राच्या किनाऱ्यावर पुन्हा शेजारी येतात, कारण कृष्णा आणि गोदावरी यांचे त्रिभुज प्रदेश एकमेकांना लागूनच आहेत. तिथल्या भातखाचरांतल्या गाळात आपल्या घाटाची काळी माती आहे. बुधवारी कुडलला ज्या भीमेत सीना मिसळताना पाहिली, तिची वरची कड मी आता पायांनी चढून आलो होतो. नकाशात हे शंभरदा पाहिलेलं, पण घाम आल्याशिवाय ते पटलेलं नव्हतं.

नळदुर्गपर्यंतचा रस्ता पठाराच्या कडेनं लाटेसारखा वरखाली होत दक्षिणेला उतरतो. सोयाबीन निघून हरभरा उभा होता. धपाटे एका आंब्याखाली संपवले. वारा आडवा होता, त्यामुळं उतारावरसुद्धा हँडल घट्ट धरावं लागलं.

रविवार : नळदुर्ग, बोरामणी, सोलापूर

किल्ला उघडताच आत गेलो. नळदुर्गची तटबंदी लांब आहे, फिरायला अर्धा दिवस द्यावा. पण मला पुन्हा पुन्हा ओढतो तो पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीला किल्ल्यातच बांध घातला, मुख्य किल्ला एका बाजूला आणि रणमंडळ हा जोडकिल्ला दुसऱ्या बाजूला, आणि त्या बांधाच्या भिंतीच्या पोटात महाल काढला. पावसाळ्यात तलाव भरला की पाणी बांधावरून नर आणि मादी अशा दोन धारांनी कोसळतं आणि आतली खोली कोरडी राहते. खिडकीसमोरून पाण्याचा पडदा. जानेवारीत धारा नव्हत्या. तरी आतल्या पायऱ्या उतरताना भिंतीचा गारवा पाठीला लागतो, आणि या दगडाच्या पलीकडं अख्खा तलाव टेकून उभा आहे हे अंगाला कळतं. ज्यानं हे बांधलं त्याला धरणाची भिंतही बांधायची होती आणि तिच्यात बसून नदी बघायचीही होती. आपल्या काळातल्या बंधाऱ्यांत ही दुसरी इच्छा कुठं दिसत नाही, याची मला खंत आहे.

उपळ्या बुरुजावरून पश्चिमेला सगळा मुलूख दिसतो, जिकडं जायचं तोच. अकराला निघालो. हैदराबादचा हायवे, पाठीशी वारा, आणि सोलापूरपर्यंत एकंदर उतरता कल. इटकळ कधी आलं कळलं नाही.

बोरामणीच्या माळावर मात्र थांबलो. दोन्हीकडं पिवळं गवत, मधे एखादी बोर, खाली मुरूम. अशा माळाला सातबारावर पडीक म्हणतात. बार्शी रस्त्यावर नान्नजला १९७९ साली माळढोकाचं अभयारण्य झालं ते असल्याच गवतासाठी, आणि माळढोक आता दिसेनासा झालाय तो असलं गवत नांगरलं गेलं, झाडं लावून झाकलं गेलं म्हणून. काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल, सगळे या गवतावर उभे आहेत. पावसाचं पाणी आधी इथं जिरतं आणि मग उतारावरच्या काळ्या रानातल्या विहिरीला लागतं. शेतकऱ्यानंही तो माळ राखावा तो त्यासाठी. दाजींनी एक काडी तोडून दातात धरली आणि मेंढपाळाला विचारलं, "मामा, यंदा गवत कसं काय?"

"बरंय, होळीपोतर जाईल."

मुळेगावच्या पुढं ट्रक वाढतात आणि शहरात शिरेपर्यंत साईडपट्टी तुटक होते, तेवढे शेवटचे किलोमीटर सांभाळून. कुणाला हा फेरा करायचा असेल तर डिसेंबर ते मध्य फेब्रुवारी, आणि दिशा हीच ठेवा: आधी दक्षिण, मग पश्चिम, बालाघाट शेवटी, म्हणजे परतीला नळदुर्गपासून वारा तुम्हाला घरी आणतो. नकाशा सोबत नसेल तर सीनेचे पूल विचारत जा. वडकबाळ, तिऱ्हे, लांबोटी, या तिन्ही पुलांवरून सोलापूरला येता येतं.